‘ऑब्स्टिनेट’ : एका शेऱ्याची गोष्ट

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि ‘भाषेवर काहीतरी बोल’ असं सांगितलं आहे. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या बाईच्या हातात माईक देणं धोक्याचं असतं. त्यातून मागच्या मांडवातून मसालेभाताचा वास येतोय. तेव्हा मी एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द मला याच शाळेत मिळाला. फळ्यावर नव्हे, पुस्तकातही नव्हे, तर प्रगतिपुस्तकात, ‘शेरा’ या रकान्यात.

आठवीची सहामाही. इंग्रजीचे सर आपले वर्गशिक्षक होते, आणि ते शेरे इंग्रजीत लिहीत, हे तुम्हाला आठवत असेल. बाकीच्यांच्या प्रगतिपुस्तकात ‘गुड’, ‘फेअर’, ‘कॅन डू बेटर’ असं काही ना काही असायचं. त्यांचे अर्थ आपल्याला पाठ होते. ‘कॅन डू बेटर’ म्हणजे घरी मार, एवढं तर सगळ्यांनाच कळायचं. माझ्या रकान्यात त्या वेळी लिहिलं होतं, ‘ऑब्स्टिनेट. अदरवाइज गुड.’

‘अदरवाइज गुड’ कळलं. आधीचा शब्द कळला नाही. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात गेले, बाईंकडून तो जाडजूड शब्दकोश मागून घेतला आणि बोट फिरवत फिरवत त्या शब्दाशी आले. हट्टी, हेकेखोर, दुराग्रही. तीन शब्द, आणि तीनही माझ्याच नावाने हाका मारल्यासारखे.

माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. बाजारपेठेच्या टोकाला, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरचे डबे तिथे यायचे. वडील चौथीपर्यंत शिकलेले. प्रगतिपुस्तकावर सही करताना त्यांनी विचारलं, “हे काय लिहिलंय सरांनी?” मी म्हटलं, “निश्चयाची पक्की.”

झालं. पुढचे आठ दिवस गिरणीत दळणाला येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते प्रगतिपुस्तक पाहावं लागलं. ‘निश्चयाची पक्की आहे पोरगी, सरांनी इंग्रजीत लिहिलंय.’ नवव्या दिवशी पोस्टमास्तर गहू घेऊन आले. त्यांना इंग्रजी येत होतं.

त्या संध्याकाळी वडिलांनी हातापायांवरचं पीठ धुतलं, जेवायला बसले आणि शांतपणे म्हणाले, “निश्चयाची पक्की काय नि हट्टी काय, मला दोन्ही चालेल. पण अर्थ विचारला की खरा सांगायचा.” बस, एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

आता तो खरा अर्थ सांगते. उशीर झालाय, पण सांगते.

हट्टाला इंग्रजीत शब्दांची चणचण नाही. सगळ्यात नेहमीचा म्हणजे ‘स्टबर्न’. तो चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधली बाथची ती पाच नवरे केलेली बाई स्वतःला तो लावून घेते आणि वर सिंहिणीची उपमा देते. पण हा शब्द आला कुठून, याचा कोशकारांना अजून पत्ता लागलेला नाही. शब्दसुद्धा आपल्या अर्थाला जागून बसलाय, काही केल्या मूळ सांगत नाही. मग जनावरांचे शब्द आहेत. ‘म्यूलिश’ म्हणजे खेचरासारखा, ‘पिग-हेडेड’ म्हणजे डुकराच्या डोक्याचा. आपण तरी कुठे मागे आहोत? आपला ‘अडेलतट्टू’ तबेल्यातलाच. ‘रिकॅल्सिट्रंट’ असा एक भारदस्त शब्द आहे, सरकारी कागदांत दिसतो. त्याच्या पोटात लॅटिन ‘कॅल्क्स’ म्हणजे टाच आहे. मागच्या मागे टाचा झाडणारा, म्हणजे आपल्या भाषेत लाथाळ. इतका सुटाबुटातला शब्द, पण आत गाढव.

‘ऑब्स्टिनेट’ मात्र जनावरांतला नाही, माणसांतला आहे. लॅटिनमध्ये ‘ऑब’ म्हणजे समोर. कधी नुसतं समोर, कधी विरुद्ध, दोन्ही. आणि त्यापुढचा जो भाग आहे, त्याच्या मुळाशी आहे ‘स्टा’, म्हणजे उभं राहणं. म्हणजे ऑब्स्टिनेट कोण? जो समोर उभा ठाकतो आणि हलत नाही तो.

हा ‘स्टा’ तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. आपल्या संस्कृतच्या बाईंनी ‘तिष्ठति, तिष्ठतः, तिष्ठन्ति’ घोकून घेतलं होतं, तोच हा ‘स्था’. एकाच प्राचीन मुळाच्या या दोन फांद्या. लॅटिनकडून इंग्रजीत स्टेशन, स्टेटस, कॉन्स्टंट आले. इकडे स्थान, स्थिर, संस्था, आस्था, प्रतिष्ठा आले. ‘निष्ठा’सुद्धा तिथलीच, ‘नि’ आणि ‘स्था’. आपला रोजचा ‘ठाम’ही त्याच घरातला. म्हणजे सरांनी माझ्या प्रगतिपुस्तकात जो शब्द लिहिला, तो ‘निष्ठे’चा लांबचा चुलतभाऊ होता. मला हे आठवीत माहीत असतं, तर पोस्टमास्तरांशी वाद घातला असता.

आणि गंमत अशी की लॅटिनमध्ये हा शब्द नेहमीच शिवी नव्हता. मनाशी पक्कं ठरवलेला, मागे न हटणारा, अशा अर्थानेही तो येई. म्हणजे वडिलांना मी सांगितलेलं खोटं दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये निम्मं खरं ठरलं असतं. इंग्रजीत येईपर्यंत मात्र त्याचा चांगुलपणा बराचसा गळून गेला आणि ठपका तेवढा उरला.

असं का होतं? मला वाटतं, शब्द कोण कोणाला लावतो यावर ते ठरतं. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात याची गंमत केली होती. व्याकरणात जसं क्रियापद चालवतात, तसं त्यांनी हे चालवून दाखवलं. त्याचा मराठी अवतार असा करता येईल : मी ठाम, तू हट्टी, तो अडेलतट्टू. प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष, तृतीय पुरुष. घरोघरी हेच चालतं.

पण शब्द लावणाऱ्याच्या हातात सत्ता असली, की गंमत संपते. प्लिनी नावाचा एक रोमन अधिकारी इसवी सन ११२ च्या सुमारास बिथिनिया-पाँटस प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागाचा, कारभार पाहत होता. त्याच्यापुढे ख्रिस्ती लोकांना पकडून आणलं जाई. त्याने सम्राट ट्रेजनला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. तो आरोपींना तीनदा विचारी, तू ख्रिस्ती आहेस का? शिक्षेची धमकी देई. तिन्ही वेळा ‘हो’ म्हणणाऱ्याला मृत्युदंड. आणि त्याचं कारण काय देतो? त्यांची श्रद्धा काय आहे ती असो, पण एवढा हेका आणि न वाकणारा हट्ट, हाच मुळी शिक्षेला पात्र आहे. त्या हट्टाला त्याने वापरलेला लॅटिन शब्द म्हणजे ‘ऑब्स्टिनाशिओ’. माझ्या प्रगतिपुस्तकातला शब्द.

पुढे त्याच ख्रिस्ती धर्माच्या हाती सत्ता आली आणि चक्र उलटं फिरलं. मध्ययुगातल्या चर्चचा नियम असा, की नुसती चूक झाली म्हणून कोणी पाखंडी ठरत नाही. चूक दाखवून दिल्यावरही जो तिला चिकटून राहतो, तो पाखंडी. १४१५ मध्ये कॉन्स्टन्स शहरात यान हुस या बोहेमियन धर्मोपदेशकाला या नियमाखाली जिवंत जाळलं. त्याचं म्हणणं साधं होतं, माझी मतं चुकीची आहेत हे धर्मग्रंथातून दाखवा, मी ती सोडतो. त्याचं समाधान कोणी केलं नाही, आणि त्याने मतं सोडली नाहीत. १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. ५८४ वर्षांनी.

मी वर्गात हे शिकवायचे तेव्हा मुलं विचारायची, मॅडम, मग हट्टी असणं चांगलं का वाईट? मी त्यांना मराठीकडे न्यायची, कारण आपल्या भाषेने या प्रश्नाचा निकाल फार सुंदर लावलाय. आपल्याकडे ‘हट्ट’ आहे, तो संस्कृत ‘हठ’ म्हणजे बळजबरी यावरून. म्हणून बालहट्ट, स्त्रीहट्ट, राजहट्ट. तिघांपुढेही इलाज नाही. आपल्याकडे ‘जिद्द’ आहे. ती मुळात अरबी, ‘विरुद्ध’ या अर्थाची, फारसीतून आपल्याकडे आली. हिंदीत ‘ज़िद’ केली तर आई रागावते, मराठीत जिद्द दाखवली तर सत्कार होतो. शब्द तोच, नदी ओलांडली की अब्रू बदलते.

आणि आपल्याकडे ‘आग्रह’ आहे. ग्रह म्हणजे धरणं. पंगतीत जिलबीचा होतो तो आग्रह, हे आज पुन्हा अनुभवालच. वाईट धरून ठेवलं की दुराग्रह. खरं धरून ठेवलं की? दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला स्वतःचं नाव हवं म्हणून गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मधून वाचकांकडून शब्द मागवले होते, बक्षीसही ठेवलं होतं. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला. गांधीजींनी त्याला थोडं वळवून ‘सत्याग्रह’ केला. धरणं तेच, मूठ तीच. मुठीत काय आहे, त्यावर शब्द ठरला.

इतके दिवस मी वर्गात इथे थांबायची. छान टाळी मिळायची. आज मात्र थांबता येणार नाही, कारण तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी वर्गात हजर होते. मला तो शेरा का मिळाला, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे, अर्धंच माहीत आहे.

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा. इंग्रजीचे पेपर वाटले होते. मला दुसरा नंबर, अर्ध्या मार्काने. पहिला नंबर आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय आणि घड्याळाकडे बघतोय. रिकाम्या जागा भरा, ‘तो शाळेत जातो’. मला ‘गोज’ लिहायला हवं होतं, मी नुसतं ‘गो’ लिहिलं होतं. ‘तो’ आला की क्रियापदाला शेपूट लागतं, हे सरांनी पाचवीपासून शंभरदा सांगितलं असेल. सरांनी शब्दाखाली आणि पुढे लाल रेघ मारून अर्धा मार्क कापला होता. मी पेपर घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, “सर, मी ‘गोज’च लिहिलंय.”

सरांनी पेपर हातात घेतला. त्या शब्दावर बोट ठेवलं. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “खाली बस.”

मी म्हटलं, “नाही बसणार.”

ते पुन्हा म्हणाले, “खाली बस, बाळ.” मी बसले नाही. सर फळ्याकडे वळले आणि शिकवू लागले. मी पूर्ण तास उभी राहिले. घंटा झाली, सर निघून गेले, मी उभीच. मधल्या सुट्टीत तुम्ही मुलींनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ‘खरं बोलली म्हणून मार्क नाही दिला’, असं म्हणत होता तुम्ही. आणि पुढच्या आठवड्यात तो शेरा आला, तेव्हा तर मी हुतात्माच झाले. आपली यान हुस.

मित्रमैत्रिणींनो, ते शेपूट मी पेपर हातात आल्यावर जोडलं होतं. बाकाखाली, दप्तराच्या आडोशाला, शाईच्या पेनाने, दोन अक्षरं.

ही गोष्ट मी वडिलांना सांगितली नाही, कोणालाच सांगितली नाही. आणि खरं सांगू? बरीच वर्षं मला असंच वाटत होतं, की सरांनाही ती कळली नव्हती. मग मी स्वतः शिकवू लागले. टेबलाच्या त्या बाजूला बसू लागले. पहिल्याच वर्षी एक मुलगा पेपर घेऊन आला, “मॅडम, हे मी लिहिलंय, तुम्ही मार्क दिला नाही.” मी पाहिलं, आणि माझे कान गरम झाले. त्याची निळी शाई माझ्या लाल रेघेवरून गेली होती. लाल रेघ आधी, निळं अक्षर नंतर. शेंबडं पोरही सांगेल. चोरी करणाऱ्याला तेवढं दिसत नाही, तपासणाऱ्याला ते सगळ्यात आधी दिसतं.

त्या क्षणी मला सरांचं बोट आठवलं. शब्दावर ठेवलेलं, बराच वेळ न हललेलं. सरांना कळलं होतं. पहिल्या नजरेत कळलं होतं. साठ मुलांसमोर त्यांना एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो शब्द या गावात मला लग्न होईपर्यंत चिकटला असता. गिरणीपर्यंत पोचला असता. त्यांनी तो उच्चारला नाही. प्रगतिपुस्तकातही लिहिला नाही. इतके शब्द उपलब्ध असताना त्यांनी ‘ऑब्स्टिनेट’ निवडला. जो खरा होता, आणि तरी सौम्य होता. पुढे ‘अदरवाइज गुड’ही लिहिलं.

मी इतकी वर्षं ज्याला शिक्षा समजत होते, ते पांघरूण होतं.

आणि मग मला हट्ट आणि ठामपणा यांतला फरकही कळला, जो मी इतकी वर्षं पोरांना शिकवत होते. हुस म्हणत होता, दाखवा, मी बदलतो. मला तर दाखवलं होतं, लाल शाईत. मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि तरी मी उभी होते. उभं राहण्यात दोघांत फरक नाही. तास तेवढाच, पाय तेवढेच दुखतात, सुट्टीतली टाळीही तेवढीच. फरक आहे तो ‘मला चूक दाखवा’ असं म्हणायची तयारी आहे की नाही, यात. ती तयारी असलेला माणूस ठाम. ती नसलेला ऑब्स्टिनेट, मग त्याच्याबरोबर अख्खा वर्ग का असेना.

एक शेवटचं, मग जेवायला सोडते. लॅटिनमध्ये ‘ऑब’ आणि ‘स्टा’ हे दोन तुकडे आणखी दोन ठिकाणी एकत्र येतात. एक ‘ऑब्स्टॅकल’, म्हणजे वाटेत आडवा उभा असलेला अडथळा. तो तुम्हाला माहीतच आहे. दुसरा आपल्यातल्या डॉक्टरांना माहीत असेल, ‘ऑब्स्टेट्रिक्स’, म्हणजे प्रसूतिशास्त्र. लॅटिनमध्ये ‘ऑब्स्टेट्रिक्स’ म्हणजे सुईण. बाळंतिणीच्या समोर उभी राहणारी. एकाच ठिकाणाहून निघालेले तीन शब्द. एक समोर उभा राहतो तो अडवायला, एक स्वतःचंच खरं करायला, आणि एक दुसऱ्याची सुटका व्हायला.

त्या दिवशी आठवीच्या वर्गात दोन माणसं एकमेकांसमोर उभी होती. एक मी. दुसरे फळ्याजवळ, हातात खडू घेऊन, मला न दुखावता पंचेचाळीस मिनिटं वाट बघत.

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात, आणि मी पुन्हा तुमच्यासमोर उभी आहे. माझे वडील आज नाहीत. अर्थ विचारला की खरा सांगायचा, असं ते म्हणाले होते. म्हणून सांगते. मी ‘गो’ लिहिलं होतं. तो अर्धा मार्क माझा नव्हता. तिसऱ्या रांगेतल्या पहिल्या नंबरा, तुझाही नंबर खराच होता.

तुम्ही मला तेव्हा दोनदा सांगितलं होतंत, सर.

आता खाली बसते.